मागच्या जाळीतून नको

रेडिओचा मागचा पुठ्ठा काढला की त्या घराची अब्रू उघडी पडते. पुढून पाहावं तर काच पुसलेली, डोक्यावर विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी. मागून पाहावं तर झुरळं. झुरळांची अंडी, पालीची वाळलेली कातडी, उंदरानं कुरतडलेली वायर आणि या सगळ्यावर चुलीच्या धुराचा चिकट थर. सत्तर सालाच्या आसपास भोरला एसटी स्टँडजवळ माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि दिवसभर मी ही घाण ब्रशनं झाडत बसलेला असे. लोक म्हणत, तुमचं बरंय, बसून स्वच्छ काम. मला जेवताना घासागणिक हाताचा वास यायचा.

मुळातच मी नाक मुरडणारा माणूस. आई म्हणायची, याला स्वतःच्या सावलीचासुद्धा वास येतो. त्यात पोटासाठी मला लग्नाकार्यांना आणि जत्रांना अ‍ॅम्प्लिफायर, कर्णेही द्यावे लागत, आणि कर्ण्यांची तर मला झुरळांहून जास्त शिसारी होती. बारसं असो की सत्यनारायण, कर्णा झाडावर चढलाच पाहिजे. आवाज फाटला तरी चालेल, पलीकडच्या गावाला ऐकू गेला पाहिजे. आवाज नितळ असू शकतो, त्याला अंग असतं, पोत असतो, हे मी कुणाला सांगायला गेलो की लोक माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत आणि म्हणत, मेकॅनिक, जरा वाढवा की. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणून मी वाढवत असे.

गुरुजी पहिल्यांदा आले ते अशाच एका बाजाराच्या दिवशी. वेल्ह्याकडच्या एका शाळेत ते शिकवायचे. कापूरहोळला गाडी बदलून, उभ्यानं प्रवास करून आले होते, तरी सदऱ्याची इस्त्री मोडलेली नव्हती. हे मला पहिल्यांदा आवडलं. काखेत चादरीत गुंडाळलेली गिटार होती. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातात पोलादी दांडी धरून वाजवतात ती. पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेली, तारांखाली आवाज टिपणारं विजेचं पिकअप बसवलेली. गुरुजी बौद्ध होते, त्यांच्या वस्तीतली एक गायन पार्टी होती, आणि त्या पार्टीत ते ही गिटार वाजवत.

मी ती माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून दिली. त्यांनी एक सूर लावला, दांडी सरकवली. सूर स्वच्छ होता, हातही चांगला होता, पण आवाज कोरडा ठणठणीत.

"निगतोय चांगला, पन लगेच मरतोय," गुरुजी म्हणाले. "आमच्याकडं कड्याखाली साद घातली की ती हळूहळू इरत जाती. तसं पायजे. आनि दुसरं, सूर धरला की त्यो असा कापला पायजे, वाऱ्यानं वात हलती तसा."

आवाजाला अशी साद आणि असा कंप देणारी परदेशी विजेची पेटी त्यांनी पुण्यात एका ऑर्केस्ट्रात पाहिली होती. ती मिळणं आमच्या सात जन्मात शक्य नव्हतं. मी म्हणालो, करू आपण. का म्हणालो कुणास ठाऊक. बहुधा या माणसानं आवाज वाढवायला सांगितलं नव्हतं म्हणून.

पुढे ते दर आठ-पंधरा दिवसांनी येत राहिले आणि त्यांना ही पेटी एवढी का हवी आहे ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. त्यांचे वडील गावच्या देवळापुढे, पायरीच्या खाली उभं राहून डफ वाजवायचे. पालखी उठली की डफ सुरू, बसली की बंद. शेवटी नारळाचा तुकडा वरून टाकायचे, हातात नाही. धर्म बदलला त्या वर्षी वडिलांनी डफ टाकला आणि मरेपर्यंत पुन्हा कुठलंही वाद्य हातात घेतलं नाही. गुरुजींना ते पटत होतं आणि सलतही होतं. वाद्यानं काय केलं होतं, असं ते म्हणत. म्हणून त्यांनी असं वाद्य शोधलं, जे वाजवायला गावात कधीच कुणी कुणाला फर्मावलेलं नव्हतं.

पार्टी दरवर्षी वैशाखी पौर्णिमेला वस्तीतच गायची. त्या वर्षी पहिल्यांदा वेल्ह्याच्या बाजाराच्या मोकळ्या जागेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कार्यक्रम ठरला होता. गुरुजींना त्या दिवशी पेटी हवी होती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बाजारातून जाणाऱ्या माणसानं पिशवी खाली ठेवावी आणि थांबून ऐकावं. कुणाची पार्टी आहे हे त्याला नंतर आठवावं.

गुरुजी पगारातून थोडे थोडे पैसे देत राहिले आणि मी कामाला लागलो. ट्रान्झिस्टर आले होते, लोक काचेच्या व्हॉल्व्हचे मोठे रेडिओ अडगळीत टाकत होते, त्यामुळे माझ्याकडे व्हॉल्व्ह खोकं भरून होते. सादेचं तत्त्व सोपं आहे. गिटारचा आवाज लांब स्प्रिंगच्या एका टोकाला द्यायचा. तो वेढ्यावेढ्यातून पळत दुसऱ्या टोकाला जातो, आपटून परत येतो, पुन्हा जातो, दर फेरीला थोडा थकतो. दुसऱ्या टोकाला तो टिपायचा आणि मूळ आवाजात मिसळायचा. सांगायला सोपं. करायला बसलो तेव्हा कळलं की आपल्या तालुक्यात स्प्रिंग नावाची जी वस्तू मिळते ती बसायला, दाबायला आणि गंजायला केलेली आहे. सायकलच्या सीटची स्प्रिंग बद्द वाजली. बॅटरीतली किरकिरली. ताणकाट्याच्या स्प्रिंगमधून गिटार अशी ऐकू आली, जणू रिकाम्या बादलीत बेडूक पडला आहे.

शेवटी उत्तर माझ्या घरच्या खिडकीत सापडलं. अर्ध्या पडद्यात ओवतात ती, प्लास्टिकचं वेष्टण असलेली लांब बारीक स्प्रिंग. पडदा उतरवला आणि वेष्टण सोललं. आतून काळं, चिकट, कुजक्या तेलासारखं काहीतरी बोटांना लागलं, ते रॉकेलनं धुतलं. बायकोनं खिडकीला जुनं लुगडं बांधलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं कारण सांगत राहिली.

एका टोकाला छोट्या स्पीकरचा कागद काढून नुसती तारेची गुंडाळी ठेवली आणि स्प्रिंग तिला चिकटवली. दुसरं टोक ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये, जिथे सुई बसवतात तिथे अडकवलं. एकच स्प्रिंग ठेवली तर एखादाच सूर कुत्र्यासारखा विव्हळायचा, म्हणून दोन घेतल्या, एक लांब, एक आखूड. दुकानासमोरून एसटी गेली की दोन्ही स्प्रिंगा गुरगुरायच्या. म्हणून सगळा सांगाडा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी वनस्पती तुपाच्या डब्यात टांगला. डबा चार वेळा धुतला तरी तुपाचा खवट वास गेला नाही.

कापऱ्या सुराचं काम वेगळं. त्याला जोड-व्हॉल्व्हचा एक अर्धा भाग लागतो, तीन कंडेन्सर, तीन रेझिस्टन्स. व्हॉल्व्हचं बाहेर पडलेलं फिरून त्यालाच पाजायचं, म्हणजे तो आपला आपण झुलायला लागतो, सेकंदाला चार-सहा झोके. तो झोका गिटारच्या वाटेवरच्या व्हॉल्व्हला दिला की सूर वरखाली होतो. पहिल्यांदा जोडलं तेव्हा सूर कापण्याऐवजी नुसतंच थपथप ऐकू यायला लागलं, शेणाच्या गोवऱ्या थापाव्यात तसं. ते घालवायला आठ दिवस गेले. मग लक्षात आलं की वेल्ह्याला संध्याकाळी विजेचा दाब पडतो, आणि दाब पडला की हा झोका बंदच होतो. म्हणून दुकानात विजेच्या वाटेत बल्ब जोडून, मुद्दाम दाब पाडून, मी पुन्हा सगळी मापं बसवली. एवढं करून मागे घूं असा आवाज होताच. भाकरी तव्यावर फिरवावी तसा मी ट्रान्सफॉर्मर थोडा थोडा फिरवत राहिलो आणि एका जागी तो घूं जवळजवळ विरला.

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं मोडलेलं सांधत नव्हतो. पत्र्याच्या पेटीवर दोन बटणं बसवली. एकाखाली गुरुजींनी स्वतःच्या वळणदार अक्षरात रंगानं लिहिलं, घुमारा. दुसऱ्याखाली, कापरं. वर आणि मागे व्हॉल्व्ह गरम होतात म्हणून जाळी ठेवली. गुरुजींनी सूर धरला, दांडी थरथरली, आणि तो सूर माझ्या त्या घाणेरड्या दुकानात दरीत सोडल्यासारखा विरत गेला.  मी उगाचच सोल्डरिंगचं टोक पुसत बसलो.

पौर्णिमेला तीन आठवडे होते. त्याआधी एकदा त्यांच्या वस्तीत एका घरगुती कार्यक्रमात पेटी लावून बघितली. मी बरोबर गेलो होतो. मी मराठा घरातला, आणि तिथे मला चहा दिला तो मी सगळ्यांसमोर प्यायलो. त्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, यावरून मी कसला माणूस होतो ते कळावं. वस्तीला वीज नवीनच आलेली, थोडा घूं पुन्हा उमटला. गुरुजी म्हणाले, पेटी घेऊन जा, तेवढा काढा. मी ती दुकानात आणली.

घुमणाऱ्या पेटीची बातमी दरीभर झाली होती. गुंजवण्याच्या वाटेवर एक गाव आहे, त्याचं नाव मी घेत नाही. तिथली जत्रा पौर्णिमेच्या एक आठवडा आधी असते आणि तिथे अ‍ॅम्प्लिफायर दरवर्षी माझाच. त्या जत्रा कमिटीचे म्होरके, ज्यांना सगळे पाटील म्हणत, ठरवायला दुकानात आले आणि जाताजाता म्हणाले, ती घुमणारी पेटीपण आणा, आमच्या भजनाला लावू.

खरं उत्तर सोपं होतं. पेटी माझी नाही, ज्यांची आहे त्यांना विचारतो. तेवढं वाक्य माझ्या तोंडातून आलं नाही. मी मनाची समजूत घातली की मोठ्या कर्ण्यांवर एकदा चाचणी होईल, घूं कुठून येतो ते कळेल, गुरुजींचाच फायदा. सगळं खोटं. मला दरीभर माझी पेटी ऐकू जायला हवी होती. ज्या लोकांच्या कानांची मला किळस होती, त्यांच्याच कौतुकासाठी मी हपापलो होतो. मी म्हणालो, आणतो.

जत्रेच्या दिवशी दुपारी मी देवळापुढे लिंबाच्या झाडाखाली सामान मांडलं. चार कर्णे झाडांवर चढवले. जमीन नारळाच्या पाण्यानं, गुळानं आणि चिखलानं चिकट झाली होती, माश्या घोंघावत होत्या, मागच्या ओढ्याकडून बकऱ्यांच्या आतड्यांचा वास येत होता. पेटी टेबलावर ठेवून सुरू केली, व्हॉल्व्ह तापू दिले. मग माइक जोडून हॅलो हॅलो म्हणालो. घुमारा सगळा वाढवला होता. माझाच आवाज डोंगराएवढा होऊन परत आला आणि माणसं टेबलाभोवती गोळा झाली. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात पाटील जवळ आले. खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात विचारलं, "ही पेटी कुनाची?"

"माझी," मी म्हणालो. "मीच बनवली."

दुसरं वाक्य खरं होतं, आणि त्याच्या आडोशाला मी पहिलं लपवलं.

"त्येंच्यात वाजली व्हती म्हनं."

"एकदा. तपासायला."

पाटील रागावले वगैरे नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. "आमचं काय न्हाई ओ. आमी समद्यास्नी मानतो. पन देवाचं असतंय. गुरवाला सांगितलंय, जरासं गोमूत्र शिंपडंल, मंग हरकत न्हाई."

गुरव तांब्या घेऊन आलाच होता. आंब्याच्या पानांची डहाळी त्यात बुडवलेली, वर फेस. त्या क्षणी मला काय काय म्हणता आलं असतं. पेटी गुरुजींची आहे, तिला हात लावू नका, असं म्हणता आलं असतं. याच पाटलांचा रेडिओ दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आला होता आणि त्यात मेलेला उंदीर निघाला होता. त्यावर कुणी काही शिंपडलं नव्हतं, हेही म्हणता आलं असतं. नुसतं बटण बंद करून पेटी उचलून पिशवीत घालता आली असती. तोंड उघडायचीही गरज नव्हती.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मागच्या जाळीतून नको. पुढच्या पत्र्यावर शिंपडा."

मेकॅनिक होतो ना. मागे अडीचशे-तीनशे व्होल्ट आहेत, काचा तापलेल्या आहेत, त्यावर पाणी पडलं तर तडकतील, हे मला ठाऊक होतं. म्हणून त्यांनी शिंपडायला कुठली जागा चांगली, ती मी दाखवली. बोटानं.

गुरवानं ऐकलं. पुढच्या पत्र्यावर, घुमारा आणि कापरं या दोन शब्दांवर, डहाळी तीनदा झटकली. मग काम पुरतं व्हावं म्हणून तांब्यात उरलेलं वरच्या जाळीवर रिकामं केलं. त्याच्या दृष्टीनं वरची जाळी म्हणजे मागची नव्हे, आणि त्याचं चूक नव्हतं. मी वरचं बोललोच नव्हतो.

आधी काच फुटल्याचा बारीक टक् आवाज आला. मग आत वीज नाचली, तुपाचा डबा हादरला, आणि स्प्रिंगांमधून जो गडगडाट निघाला तो चारही कर्ण्यांतून दरीवर कोसळला. त्यामागोमाग तो झोका देणारा व्हॉल्व्ह बावचळला आणि थप थप थप अशी छाती हलवणारी थाप सुरू झाली. सगळी जत्रा थिजली. आणि मग गुरवानं तांब्या खाली ठेवून हात जोडले.

"देवानं हुंकार दिला," तो म्हणाला.

झालं. चांगभलं सुरू झालं. पायरीजवळच्या एका बाईच्या अंगात आलं आणि ती केस सोडून घुमायला लागली. त्या थापेच्या तालावर तिचं डोकं हलत होतं, आणि तो ताल मी बसवलेला होता, तीन कंडेन्सर आणि तीन रेझिस्टन्सचा. लोक पेटीच्या पाया पडायला पुढे सरकू लागले. पेटीतून पिवळट धूर निघत होता आणि त्याला नाकात घुसणारा उग्र वास येत होता. मी वायर उपटली. थाप थांबली तरी ती बाई थोडा वेळ घुमतच राहिली. पाटील मला म्हणाले, बघा, शुद्ध झाली पेटी, देवानं मान्य केली. मग उरलेली जत्रा साध्या अ‍ॅम्प्लिफायरवर झाली आणि कुणाची काही तक्रार नव्हती. ते म्हणाले, वाढवा, मी वाढवत गेलो.

भोरला आल्यावर मी पेटी उघडली. दोन व्हॉल्व्ह फुटलेले, व्हॉल्व्ह खोचायची एक बैठक जळून कोळसा झालेली. वायरींवर पांढरट खार चढला होता आणि स्प्रिंगांवर दोन दिवसांत हिरवा-तांबडा डाग. मी स्पिरिटनं धुतलं, ब्रशनं घासलं, नव्या बैठका बसवल्या, खिडकीची उरलेली स्प्रिंग कापून घातली. झुरळं झाडताना मला इतकी किळस कधी आली नव्हती. आणि ती गोमूत्राची नव्हती. आमच्या गोठ्यात मी लहानपणापासून त्यातच वाढलो होतो.

चार दिवसांत पेटी पुन्हा पहिल्यासारखी वाजू लागली. पहिल्यापेक्षा बरी, कारण घूं पार गेला होता. फक्त एक राहिलं. गार असताना काही नाही, पण सुरू करून दहा-पंधरा मिनिटं झाली, पत्रा तापला, की सांध्यासांध्यांतून तो उग्र वास वर यायचा. मी पुन्हा धुतलं. पुन्हा आला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गुरुजी पेटी न्यायला आले तेव्हा मी ती पाचच मिनिटं वाजवून दाखवली. मध्ये ट्रान्सफॉर्मर गेला होता, बदलला, असं सांगितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला. उद्या या, म्हणाले.

गेलो. वेल्ह्याच्या बाजारात मोकळ्या जागेत फळ्यांचं व्यासपीठ केलं होतं. दिवेलागणीची वेळ, तोरणा गडावर अजून उजेड होता. खाली सतरंज्यांवर वस्तीतली माणसं बसली होती, आणि कडेनं, दुकानांच्या फळ्यांवर, एसटीच्या थांब्यापाशी, बाकीचं गाव उभं होतं. बरेचजण पिशवी खांद्यालाच ठेवून. गुरुजी इस्त्रीच्या सदऱ्यात, मांडीवर गिटार घेऊन बसले होते. त्यांनी पेटी लवकर सुरू करून ठेवली होती. व्हॉल्व्ह नीट तापले पाहिजेत, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

मी व्यासपीठाच्या बाजूला होतो. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधीच मला वास आला. गुरुजींनाही आला. ते पेटीवर वाकले, जाळीला नाक लावलं. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मेकॅनिक, जत्रंत जी पेटी वरडली, ती हीच का? एसटीत लोक बोलत व्हते. म्या म्हनलं, न्हाई, आमची पेटी दुकानात हाय."

मी हो म्हणालो. आता लपवून उपयोग नव्हता म्हणून, प्रामाणिक झालो म्हणून नव्हे. गुरवानं गोमूत्र टाकलं, हेही सांगितलं. मी तिथेच होतो, हेही. आणि मग, स्वतःची बाजू थोडी तरी सावरावी म्हणून, मूर्खासारखं म्हणालो की मी त्यांना सांगितलं होतं, मागच्या जाळीतून नको, पुढच्या पत्र्यावर शिंपडा.

गुरुजींनी ते ऐकून घेतलं. वर्गात मुलाचं चुकलेलं उत्तर ऐकावं तसं, शेवटपर्यंत.

"म्हंजे शिंपडायला तुमची ना न्हवती," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. त्यांनी गिटारची वायर पेटीतून काढली आणि सरळ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घातली. पेटीचं बटण बंद केलं, ती उचलून माझ्या हातात दिली. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, घुमारा न्हाई का लावनार, गुरुजी. गुरुजी माइकमध्ये म्हणाले, पेटी बिघडलीय, आज नुसती गिटार ऐका. एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही. सगळ्या बाजारासमोर त्यांनी मला झाकलं, आणि जत्रेत पेटी कुणाची म्हणून विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं ते मला आठवलं. मला स्वतःवर थुंकावंसं वाटलं.

मग ते वाजवू लागले. सूर निघायचा आणि लगेच मरायचा. दाराशी आलेला माणूस न बोलता परत जावा तसा. त्यांचा हात नेहमीसारखाच चांगला होता. पण कडेला उभ्या असलेल्यांपैकी पिशवी खाली ठेवणारा मला कुणी दिसला नाही. दुसऱ्या गाण्यापर्यंत निम्मे निघून गेले होते. गुरुजी मान खाली घालून शेवटपर्यंत वाजवत राहिले.

मला निघून जाता आलं नाही. सतरंजीच्या टोकाला जागा होती तिथे मी पेटी मांडीवर घेऊन बसलो. ती अजून गरम होती आणि वास वर येत होता. माझ्या शेजारी वस्तीतली एक बाई बसली होती, मांडीवर पेंगणारं पोर. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, पदर नाकाला लावला आणि पोराला घेऊन हातभर पलीकडे सरकून बसली.